बेवारस कुत्र्यांचा प्रतिपाळ व दत्तकप्रथा

बेवारस कुत्र्यांचा प्रतिपाळ : मालक नसलेल्या, मालकाने टाकून दिलेल्या अथवा अपघात, आजार व क्रूरता यांतून सोडविलेल्या कुत्र्यांना आश्रय देणे, त्यांच्यावर उपचार करणे व शक्य तेथे त्यांना कायमचे घर मिळवून देणे, हे या कार्याचे स्वरूप होय. यातील शेवटच्या टप्प्याला व्यवहारात ‘दत्तक’ असे म्हणतात. हा शब्द येथे लक्षणेने वापरला जातो. हिंदू दत्तकविधान अपत्यापुरतेच असते आणि कायद्याच्या दृष्टीने कुत्रा ही मालकाची जंगम मालमत्ता ठरते. त्यामुळे श्वानदत्तक म्हणजे वस्तुतः लेखी हमी घेऊन केलेले ताब्याचे हस्तांतरण असते. तरीही हा शब्द रूढ झाला याला कारण आहे. ‘बेवारस’ या विशेषणावरच गेली दोनशे वर्षे कुत्र्याचे जगणे किंवा मरणे अवलंबून राहिले आहे. गळ्यात पट्टा असलेला कुत्रा वाचे आणि पट्टा नसलेला मारला जाई. या प्राण्याला वारस मिळवून देण्याचा प्रयत्न हाच प्रस्तुत इतिहासाचा मुख्य धागा आहे.

रस्त्यावर दिसणारे सर्व कुत्रे एकाच प्रकारचे नसतात. काही घरची असून दिवसभर मोकळी सोडलेली असतात. काही कोणा एकाची नसून गल्लीची, वाडीची किंवा गावाची असतात व अनेक घरांच्या भाकरीवर जगतात. काही घरात वाढलेली पण पुढे टाकून दिलेली असतात. या तिसऱ्या वर्गातील कुत्र्यांचे हाल सर्वांत जास्त होतात, कारण त्यांना रस्त्यावरचे जगणे ठाऊक नसते. घराची निकड त्यांना व पोरक्या पिलांना सर्वाधिक असते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सु. १.५३ कोटी भटके कुत्रे होते. महाराष्ट्रात ही संख्या सु. १२.७६ लक्ष होती. २०१२ च्या गणनेत देशातील आकडा सु. १.७१ कोटी होता.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : भारतीय परंपरेत कुत्र्याविषयी दुहेरी दृष्टी आढळते. धर्मशास्त्राने त्याचा स्पर्श अशुची मानला, पण त्याच धर्मशास्त्राने गृहस्थाच्या नित्य भूतयज्ञात त्याचाही वाटा सांगितला. वैश्वदेवानंतर घराबाहेर ठेवावयाच्या बलीत कावळ्याबरोबर कुत्र्यालाही घास असतो. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर आपल्यामागे आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. ‘आश्रयाला आलेल्याचा त्याग करू नये’ हा या कथेचा आशय असून तो कुत्र्याच्या निमित्ताने सांगितला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

महाराष्ट्रात दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्रे दाखवितात व त्यांना चार वेदांची प्रतीके मानतात. खंडोबाबरोबरही कुत्रा असतो व त्याचे भक्त स्वतःला ‘वाघ्या’ म्हणवितात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घरोघरी सांगितली जाते. साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या खंड्या नावाच्या आवडत्या कुत्र्याची समाधी संगम माहुली येथे दाखवितात. रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाच्या ऐतिहासिकतेविषयी मात्र अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. या सर्व कथांतून एकनिष्ठ कुत्र्याचा गौरव झाला, परंतु गावच्या निनावी कुत्र्याच्या वाट्याला शिळी भाकरी व दगड ही दोन्ही आली. त्याची जबाबदारी कोणा एकावर नव्हती आणि गाव लहान असेपर्यंत तशी गरजही भासली नाही. नगरे वाढू लागली तेव्हा ही व्यवस्था मोडली.

मुंबईतील १८३२ चा उठाव : ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८१३ च्या सुमारास मुंबई बेटावरील बेवारस कुत्रे ठराविक काळात मारण्याचा नियम केला होता. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती व उपद्रव ही त्यामागील कारणे होत. १८३२ मध्ये दंडाधिकाऱ्याने ही मुदत वाढविली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असल्याने मारेकरी लोभाने घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रेही मारू लागले, अशा तक्रारी होत्या.

पारशी धर्मात कुत्र्याला विशेष स्थान आहे. वेंदिदादच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला इजा करणाऱ्यासाठी शिक्षा सांगितल्या आहेत, तर अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याच्या विधीस ‘सगदीद’ म्हणतात. ६ जून १८३२ रोजी पारशांच्या एका पवित्र दिवशी कोटाच्या भागात कुत्रे मारण्याचे काम चालू असता जमाव खवळला व त्याने शिपायांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. या हरताळात हिंदू, जैन व मुसलमान व्यापारीही सामील झाले. छावणीला जाणारा अन्नपुरवठा अडला आणि अखेर लष्कर बोलावून जमाव पांगविण्यात आला. काहींना अटक होऊन शिक्षा झाल्या. मुंबईतील दंगलींच्या इतिहासात हा पहिल्या काही प्रसंगांपैकी एक मानला जातो. कुत्र्यांवरील दया हे त्याचे तात्कालिक निमित्त होते. आपल्या घराच्या उंबरठ्याआत सरकारचा हात किती यावा, हा प्रश्नही त्यात गुंतलेला होता.

जमशेटजी जीजीभाई व इतर प्रतिष्ठित नागरिकांनी पुढे अर्ज-विनंत्या करून सरकार व समाज यांच्यात समेट घडवून आणला. कुत्रे मारण्याऐवजी ते शहराबाहेर नेऊन ठेवावेत, ही कल्पना याच सुमारास पुढे आली. त्यातून १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. भुलेश्वर भागातील या संस्थेत आज मुख्यतः गाई आढळतात, पण तिच्या स्थापनेला बेवारस कुत्र्यांच्या हत्येचा प्रश्न कारणीभूत झाला होता. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लावून घेतलेल्या लागेतून तिचा खर्च चाले. बेवारस कुत्र्याला मृत्यूऐवजी आश्रय देणारी, आधुनिक मुंबईतील ही पहिली मोठी संघटित व्यवस्था होय.

पांजरपोळीची कल्पना मुळात गुजरातेतील जैन व वैष्णव समाजांत फार जुनी आहे. तीत आलेला प्राणी मरेपर्यंत तेथेच राहतो. त्याला दुसरे घर शोधून देण्याचा विचार तीत नव्हता. तो यूरोपातून आला. लंडन येथे मेरी टीलबी या महिलेने १८६० मध्ये हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक निवारा काढला. १८७१ मध्ये तो बॅटर्सी येथे हलविण्यात आला. सुरुवातीस वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. हरवलेला कुत्रा मालकाला परत देणे व न आल्यास नवा मालक शोधणे ही तेथील पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. पांजरपोळ हे प्राण्याचे अखेरचे स्थान, तर बॅटर्सी हा वाटेतला थांबा होता. आजच्या दत्तकप्रथेत या दोन्ही विचारांचा संगम झाला आहे.

प्राणिदया संस्था : लंडन येथे १८२४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारी संस्था निघाली. तिच्या धर्तीवर कलकत्ता येथे १८६१ मध्ये व मुंबई येथे १८७४ मध्ये संस्था स्थापन झाल्या. मुंबईच्या संस्थेचे परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ चे आहे. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून ते उभे राहिले. त्याच्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांचे लक्ष प्रथम घोडे व बैल या ओझ्याच्या जनावरांवर होते. बेवारस कुत्रा उपयुक्त नसल्याने तो या दयेच्या कक्षेत उशिरा आला. नगरपालिका मात्र त्याला विष घालून, कोंडून व पुढे विजेच्या धक्क्याने मारीतच राहिल्या. असे करूनही कुत्र्यांची संख्या कायमची घटली नाही. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचे कुत्रे येत आणि कचऱ्यावर मुबलक अन्न मिळाल्याने त्यांची पिले अधिक प्रमाणात जगत.

अलर्क रोग : कुत्र्यांच्या हत्येमागील भीती निराधार नव्हती. अलर्क रोगाची (पिसाळ रोगाची) लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. लूई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोझेफ माइस्टर या मुलास लस टोचून या रोगावरील प्रतिबंधाचा मार्ग दाखविला. भारतात कसौली येथे १९०० मध्ये व कुन्नूर येथे १९०७ मध्ये पाश्चर संस्था निघाल्या. आरंभीच्या वर्षांत देशाच्या निरनिराळ्या भागांतील रुग्णांना उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागे. कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेली लस प्रचारात आणली. पोटात घ्यावयाच्या वेदनादायक इंजेक्शनांची आठवण जुन्या पिढीत अद्यापि आहे. ही लस २००४ च्या अखेरीस बंद होऊन तिची जागा ऊतिसंवर्धित लसींनी घेतली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सु. ५९,००० माणसे या रोगाने मरतात. भारतातील मृत्यूंचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक राष्ट्रीय अंदाज वर्षाला ५,७२६ इतका आहे. यांतील बहुसंख्य मृत्यू कुत्र्याच्या चाव्यामुळे होतात व त्यांत मुले व गरीब माणसे अधिक असतात. बेवारस कुत्र्यांविषयीच्या कोणत्याही विचारात ही बाजू दृष्टीआड करता येत नाही. चावा लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे व त्वरित लस घेणे हा आजही सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे.

गांधीजींचा विचार : १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारातील सु. ६० कुत्रे, पिसाळण्याच्या भीतीमुळे, मारण्यात आले. यावर मोठा वाद उठला. महात्मा गांधींनी नवजीवन व यंग इंडिया या पत्रांतून लेखमाला लिहून या कृतीस, अनिवार्य म्हणून, पाठिंबा दिला, तेव्हा त्यांच्याकडे संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. त्यांच्या विवेचनाचा रोख मात्र हत्येच्या समर्थनापेक्षा निराळा होता. कुत्रे बेवारस हिंडतात ही समाजाच्या दयेची खूण नसून त्याच्या अनास्थेची खूण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. येता-जाता तुकडा टाकल्याने पुण्य लाभत नाही. ज्याला दया येते त्याने कुत्रा स्वतः पाळावा किंवा त्यांचा सांभाळ करणाऱ्या संस्थेला नियमाने द्रव्य द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी मांडलेली बाजू सर्वांना मान्य झाली नाही, पण ‘दया आणि जबाबदारी यांची फारकत करू नये’ हा त्यांचा मुद्दा शंभर वर्षांनंतरच्या न्यायालयीन वादातही पुन्हापुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

कायदा व संततिनियमन : भारतीय संसदेने १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. त्यानुसार १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल या त्याच्या पहिल्या अध्यक्षा होत. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हा या अधिनियमान्वये गुन्हा असला, तरी पहिल्या अपराधासाठी सांगितलेला दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे. १९६० च्या रुपयाच्या मानाने ठरविलेली ही रक्कम आज नाममात्र झाली आहे. टाकून दिलेल्या कुत्र्यांची संख्या वाढण्यास हेही एक कारण मानतात.

कॅप्टन व्ही. सुंदरम् यांनी मद्रास (चेन्नई) येथे स्थापन केलेल्या व १९६४ मध्ये नोंदल्या गेलेल्या ब्लू क्रॉस या संस्थेने, मारण्याऐवजी शस्त्रक्रियेने संततिनियमन व लसीकरण करावे, हा विचार हिरिरीने मांडला. १९९६ मध्ये मद्रास महानगरपालिकेने तो स्वीकारला. मुंबईत भटक्या कुत्र्यांच्या कल्याणासाठी १९८५ मध्ये एक स्वतंत्र संस्था कार्य करू लागली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे १९९० च्या दशकात तेथे हत्येऐवजी शस्त्रक्रियेचे धोरण आले. केंद्र शासनाने २००१ मध्ये यासाठी देशभर लागू होणारे नियम केले. त्यांनुसार कुत्रा जाळीत पकडून आणावा, शस्त्रक्रिया व अलर्कप्रतिबंधक लस द्यावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी व त्याला पूर्वीच्याच ठिकाणी सोडावे, असे ठरले. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्रे मारण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्यास स्थगिती दिली. २००१ च्या नियमांची जागा २०२३ च्या नव्या नियमांनी घेतली.

या योजनेस यश येण्यासाठी एका भागातील बहुसंख्य कुत्र्यांवर थोड्या काळात शस्त्रक्रिया व्हावी लागते. अलर्क रोगाची साखळी तोडण्यासाठी सु. ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते, असे मानतात. गोव्यात २०१३ पासून लसीकरणाची व्यापक मोहीम राबविण्यात आली व २०२१ मध्ये ते राज्य ‘अलर्कनियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. भूतानने २०२३ मध्ये आपल्या सर्व भटक्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया पूर्ण झाल्याचे जाहीर केले. बहुतेक भारतीय नगरपालिकांना मात्र पैसा, पशुवैद्य व पकडणारी प्रशिक्षित माणसे यांची उणीव भासते आणि काम अर्धवट राहते.

दत्तकाची पद्धती : दत्तकाची निकड ऋतुमानाशी निगडित आहे. महाराष्ट्रातील गावकुत्र्यांचा माजाचा मुख्य काळ भाद्रपद हा होय व त्यावरून वाक्प्रचारही पडले आहेत. गर्भकाल सु. नऊ आठवड्यांचा असल्याने पिलांच्या विणी मोठ्या प्रमाणात कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे थंडीच्या तोंडाशी, होतात. पश्चिम बंगालमध्ये ३६४ पिलांवर नजर ठेवून केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांतील १९ टक्केच पिले सात महिन्यांपर्यंत जगल्याचे आढळले. मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना वाहने, विषप्रयोग, उचलून नेणे यांसारखी मानवी कारणे होती. म्हणून शहरांतील संस्था हिवाळ्यात दत्तकमेळावे भरवितात.

सोडविलेल्या कुत्र्याला प्रथम इतरांपासून वेगळे ठेवतात, कारण पार्वोव्हायरस व डिस्टेंपर हे साथीचे रोग एका आठवड्यात आश्रयस्थानातील सर्व पिले नेऊ शकतात. जंतनाशक औषध व लशी दिल्यावर त्याचा स्वभाव पाहिला जातो. घर घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाकडून अर्ज भरून घेतात. घर स्वतःचे की भाड्याचे, घरातील सर्वांची संमती आहे का, दिवसा कुत्र्याजवळ कोण असेल, गावी जाताना त्याची सोय काय, असे प्रश्न त्यात असतात. पुढे घरी भेट, ओळखपत्राची प्रत, वयात आल्यावर शस्त्रक्रिया करून घेण्याची हमी व न जमल्यास कुत्रा संस्थेलाच परत करण्याची अट, असा क्रम असतो. या परतीच्या अटीला फार महत्त्व आहे. तिच्या अभावी न जमलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही २०२२ मध्ये भटक्या प्राण्यांच्या दत्तकाविषयी मार्गदर्शक कार्यपद्धती प्रसृत केली.

अनुभव असा, की पिले लवकर जातात, प्रौढ कुत्रे मागे राहतात आणि अपंग, आंधळे व वृद्ध कुत्रे बहुधा आश्रयस्थानातच आयुष्य काढतात. देशी कुत्र्याविषयीची हीनभावना ही आणखी एक अडचण आहे. इंग्रजांनी त्याला ‘पारिया’ हे नाव दिले. एका बहिष्कृत मानलेल्या तमिळ जातीच्या नावावरून आलेला हा शब्द कुत्रा व माणूस या दोघांचीही अवहेलना करणारा असल्याने आता ‘इंडी’ हे नाव रूढ होत आहे. याउलट परदेशी जातींची हौस वाढत गेली. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीमुळे पग जातीला मोठी मागणी आली. थंड प्रदेशातील दाट केसांचे कुत्रे उष्ण हवेत आणून पुढे ते न झेपल्याने सोडून देण्याचे प्रकारही वाढले. केंद्र शासनाने २०१६ मध्ये पैदाशीसाठी होणारी कुत्र्यांची आयात थांबविली व २०१७ मध्ये पैदास करणाऱ्यांसाठी नियम केले. आपल्या हवेला सरावलेला देशी कुत्रा काटक, कमी खर्चाचा व राखणीस उत्तम असतो, हे पशुवैद्यांचे मत हळूहळू लोकांपर्यंत पोहोचत आहे.

विदर्भ व भंडारा जिल्हा : शहरातील दत्तकप्रथा खेड्यात जशीच्या तशी लागू पडत नाही. याचे उदाहरण म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा घेता येईल. तलाव, धानाची शेती व जंगल यांनी व्यापलेल्या या जिल्ह्यात कुत्रा हा शेतकऱ्याचा, गुराख्याचा व कोळी-ढिवरांच्या वस्तीचा सोबती आहे. तो घरचा असतो पण बांधलेला नसतो. मालक आहे, परंतु लस व शस्त्रक्रिया नाही, अशी त्याची स्थिती असते. त्यामुळे ‘पाळीव’ व ‘बेवारस’ ही शहरी विभागणी येथे पुसट होते. खेड्यातील अनेक कुत्र्यांना नवे घर नको असते. असलेल्या घराने जबाबदारी पुरती स्वीकारावी, एवढीच त्यांची गरज असते.

या प्रश्नाला येथे वन्यजीवनाचीही बाजू आहे. नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले, तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर त्याचा मोठा भाग तिकडे गेला. कोका अभयारण्यासह नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये अस्तित्वात आला. पवनी तालुक्याला लागून उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य (२०१२) आहे. या जंगलांत रानकुत्रा किंवा कोळसुंदा आढळतो. त्याची प्रजाती गावकुत्र्याहून भिन्न असून दोघांत संकर होत नाही. पण रोग मात्र एकाचा दुसऱ्याला होऊ शकतो. गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले, त्यात डिस्टेंपरचा वाटा असल्याचे आढळले होते. जंगलाच्या कडेची मोकाट कुत्री चितळांच्या पाडसांचा पाठलाग करतात, तर धानाच्या बांध्यांत घरटे करणाऱ्या सारस पक्ष्याच्या अंड्या-पिलांनाही त्यांचा धोका असतो. गोंदिया-भंडारा हा सारसाचा महाराष्ट्रातील अखेरचा आधार असल्याने ही बाब गंभीर आहे. दुसरीकडे, गावाच्या कडेला फिरणाऱ्या बिबट्याचे सर्वांत सोपे भक्ष्यही हाच कुत्रा असतो व त्याच्यामागे बिबट्या वस्तीत येतो. म्हणजे जंगलाकाठच्या गावात कुत्र्याला रात्री घरात किंवा गोठ्यात घेणे ही कुत्रा, माणूस व वन्यप्राणी या तिघांच्याही हिताची गोष्ट ठरते.

जिल्ह्यातील पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गुरांसाठी उभारलेले आहेत. विशेष उपचारांसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे (स्थापना १९५८) पाहावे लागते. अशा जिल्ह्यांत मोठी आश्रयस्थाने बांधण्यापेक्षा गावोगाव लसीकरणाची शिबिरे व मालकांची नोंद यांचा उपयोग अधिक होईल, असे म्हणता येते.

न्यायालये व दत्तक : भंडारा जिल्हा ज्याच्या अधिकारकक्षेत येतो, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एक महत्त्वाचा आदेश दिला. ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालावयाचे आहे, त्यांनी ते दत्तक घ्यावेत, महानगरपालिकेत त्यांची नोंद करावी व घरी नेऊन खाऊ घालावे, असा त्याचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने पुढील महिन्यात त्यास स्थगिती दिली. दयेची सक्ती करता येते का, हा यातील मूळ प्रश्न होता.

तोच प्रश्न २०२५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आला. सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने ११ ऑगस्ट रोजी दिल्ली व परिसरातील सर्व भटके कुत्रे पकडून आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश दिला. एवढी आश्रयस्थानेच अस्तित्वात नसल्याने व देशभर तीव्र प्रतिक्रिया उमटल्याने त्रिसदस्य पीठाने २२ ऑगस्ट रोजी त्यात बदल केला. शस्त्रक्रिया व लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत, खाऊ घालण्यासाठी जागा नेमून द्याव्यात, असे त्याने सांगितले. इच्छुक नागरिकांना महानगरपालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेता येतील, परंतु तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची राहील, असेही त्यात नमूद आहे. श्वानदत्तकाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात मिळालेले हे स्थान महत्त्वाचे होय. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्रे हलवून परत तेथे न सोडण्याचे निर्देश देण्यात आले.

कुत्र्यांना एकत्र हलविण्याच्या उपायाला इतिहासात एक भीषण उदाहरण आहे. १९१० मध्ये इस्तंबूलच्या प्रशासनाने हजारो कुत्रे मार्मारा समुद्रातील एका ओसाड बेटावर नेऊन सोडले. तेथे ते भुकेने व तहानेने मेले. तुर्कस्तानात २०२४ मध्ये भटके कुत्रे आश्रयस्थानांत हलविण्याचा कायदा झाला, तेव्हा या घटनेची आठवण तेथे पुन्हा निघाली. पुरेसे अन्न, पाणी व पशुवैद्य नसलेले आश्रयस्थान नावाने निराळे असले, तरी परिणामाने त्या बेटापेक्षा फारसे वेगळे ठरत नाही.

मूल्यमापन : केवळ दत्तकाने बेवारस कुत्र्यांचा प्रश्न सुटणार नाही. दीड कोटी कुत्र्यांना पुरतील एवढी घरे मिळणे अशक्य आहे. संख्या आटोक्यात येते ती शस्त्रक्रियेने, रोग आटोक्यात येतो तो लसीने आणि दोन्हींना टिकाऊपणा येतो तो कचऱ्याच्या व्यवस्थेने. दत्तकाचे कार्य याहून निराळे आहे. जो कुत्रा रस्त्यावर जगू शकत नाही त्याला तो जागा मिळवून देतो, पैदाशीच्या बाजाराला पर्याय देतो आणि कुत्र्याविषयीच्या जबाबदारीला निश्चित नाव व पत्ता देतो. १८३२ मध्ये मुंबईचा बाजार बंद करणाऱ्यांनी कुत्र्याला मारू नये एवढीच मागणी केली होती. त्याला सांभाळावे कोणी, हा प्रश्न पांजरपोळीने अंशतः सोडविला. चावा बसलेले मूल व थंडीत कुडकुडणारे पिलू या दोघांनाही न्याय देणारे उत्तर अद्यापि पूर्णपणे मिळालेले नाही. मात्र ज्या-ज्या ठिकाणी ते थोडेबहुत मिळाले आहे, तेथे तुकडा टाकणारा हात व लसीची नोंद ठेवणारा हात एकाच माणसाचा असल्याचे दिसते.